गार इंजिनाचा खोकला

मित्रांनो, मला जुनी म्हटलेले चालते, खटारा म्हटलेले चालत नाही. मी एक पिकअप गाडी आहे. पुढे दोन माणसे बसतील एवढी केबिन, मागे उघडा हौदा आणि हौद्यावर ताडपत्री ओढायला चार लोखंडी कमानी. माझा मूळ रंग निळा. उजवे दार मात्र पांढरे आहे, कारण ते दुसऱ्याच कुणा गाडीचे आहे. ते बसवले तेव्हा मी त्या दाराशी वर्षभर बोलले नव्हते. माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते.

पण तुम्हीच सांगा, तो तसा का होणार नाही? कारखान्यात माझी जुळणी पूर्ण झाली आणि पहिल्याच तासाला मला पाण्याच्या फवाऱ्याखाली उभे केले. आत एक माणूस बॅटरी घेऊन बसला. बाहेरचा ओरडून विचारत होता, "कुठे गळतंय का बघ रे!" जन्माला आल्या आल्या माझ्यावर संशय घेतला गेला. मी गळत नव्हते. तरी त्या माणसाने दोनदा बघितले.

मला एका लाँड्रीच्या मालकाने घेतले. घरचे सगळे त्यांना बाबा म्हणतात, म्हणून मीही म्हणते. लाँड्रीला मोठ्या रुग्णालयाचे काम होते. सकाळी सातला धुतलेल्या चादरी द्यायच्या आणि मळक्यांची गाठोडी उचलायची. गाठोडी भरण्याचीही एक रीत होती. ऑपरेशनची हिरवी कापडे खाली, चादरी मध्ये, आणि बाळंतिणींच्या वॉर्डातल्या छोट्या दुपट्यांचे गाठोडे सगळ्यांत वर. ते दबले की चुरगळते आणि आत झोपणाऱ्या बाळाला सुरकुती टोचते, असे बाबा म्हणायचे. सुरकुती कशी टोचेल? पण मी त्या गाठोड्याखाली कधी जोरात उसळले नाही.

रुग्णालयाच्या मोठ्या सिस्टर एकदा म्हणाल्या होत्या, "तुमची गाडी आली की मी घड्याळ लावून घेते." ते वाक्य मी आजही अधूनमधून आठवते. कौतुक फार वेळा वाट्याला येत नाही, म्हणून पुरवून पुरवून वापरावे लागते.

पुढे बाबांचे गुडघे दुखू लागले. तोवर त्यांच्या सूनबाई गाडी शिकल्या होत्या. मुलगा धुलाईची यंत्रे आणि इस्त्री सांभाळायचा, सूनबाई चाकावर आल्या. पहिल्या दिवशी त्यांनी आरसा तीनदा नीट केला. मला वाटले, ही मला घेऊन भिंतीवर जाणार. तसे झाले नाही. उलट खड्डा आला की त्या "सांभाळ हं" म्हणायच्या. बाबांनी मला असे कधी म्हटले नव्हते. शिव्या मात्र दिल्या होत्या.

आता माझ्या दुखण्याकडे येते. माझे इंजिन थंड ठेवायला रेडिएटरमध्ये पाणी लागते. बाबा रोज सकाळी झाकण उघडून बोट घालून बघायचे. त्यांनी चाक सोडले, पण फाटकापर्यंत येणे सोडले नव्हते. त्यामुळे सूनबाईंना वाटायचे, पाणी बाबा बघतात. आणि बाबांना वाटायचे, जी चालवते तीच बघत असणार. एक पाइप थेंब थेंब गळत होता. ज्या घरातल्या माणसांचे हात दिवसभर पाण्यात असतात, त्या घरातली गाडी तहानेने मेली, मित्रांनो. रुग्णालयाच्या चढावर मला वाफ आली, आत काहीतरी कडाडले आणि मी थांबले ती थांबलेच.

"मला वाटलं तुम्ही घातलंत," फोन ऐकून रिक्षाने आलेल्या बाबांना सूनबाई म्हणाल्या.

"मला वाटलं तू घातलंस," बाबा म्हणाले.

दोघांनी एकमेकांकडे असे बघितले की मला त्या वाफेतही गार वाटले. त्या दिवसापासून घरात संशय शिरला. मिठाच्या डब्याचे झाकण उघडे राहिले तरी "कोणी ठेवलं?" अशी चौकशी होऊ लागली.

मिस्त्रीने मला तपासले. हा मिस्त्री कमी बोलतो. त्याने हात पुसले आणि म्हणाला, "ब्लॉक तडकलाय वहिनी. हे इंजिन संपलं."

"नवीन?"

"नव्या इंजिनात दुसरी जुनी गाडी येईल. वापरलेलं चांगलं इंजिन शोधू. पण एकदाच घ्यायचंय तुम्हाला. फसलो तर परत नाही जमायचं."

इकडे रुग्णालयात शेजारच्याचा टेम्पो मागून कपडे जात होते, तेही कधी आठला, कधी दहाला. मोठ्या सिस्टरनी स्पष्ट सांगितले, "माझे पेशंट उघड्या गादीवर झोपवता येत नाहीत. सोमवारी सातला तुमची स्वतःची गाडी दारात दिसली तर ठीक. नाहीतर मी दुसरी लाँड्री बघते." लाँड्रीत जे काही धुतले जायचे, त्यातले दहापैकी आठ कपडे रुग्णालयाचे. सोमवार चुकला असता तर यंत्रे धुणार तरी काय होती?

मी मिस्त्रीच्या गॅरेजमागे चाकांना दगड लावून उभी होते. शोधाच्या बातम्या कानावर येत. पहिले इंजिन चंदेरी रंगाने चकचकीत केलेले निघाले. मिस्त्री म्हणाला, "एवढी पावडर थापून कोण बसतं? तोंड धुऊन दाखवा." त्याने पेचकसाने जरा खरवडले तर रंगाखाली भेगा बुजवायची लांबी भरलेली, आणि लांबीखाली भेग. दुसरे इंजिन दिसायला ठीक होते, पण त्याचा नंबर घासून टाकलेला. चोरीचे असणार. बाबांनी हात जोडले आणि तिथून निघाले. ते घरी आले ते असा चेहरा करून, की जणू सगळे जग घासलेल्या नंबराचे आहे.

तिसऱ्याचे नाव निघाले तेव्हा गॅरेजमधले सगळे हसले. जुन्या गाड्या तोडून त्यांचे भाग विकणारा हा माणूस प्रत्येक वाक्याला शपथ घ्यायचा. आज उकडतंय, आईशपथ. चहा घ्या, गळ्याशपथ. म्हणून त्याला सगळे शपथशेठ म्हणत. त्याच्याकडे माझ्याच जातीच्या पिकअपचे इंजिन आले होते, आणि ते बसवायला लागणारी चेनकप्पी, म्हणजे साखळीने जड वस्तू उचलायची कप्पी, तीही त्याच्याच आवारात होती. तेव्हा मलाच तिकडे ओढत न्यायचे ठरले. पटले तर तिथेच बसवू.

"आणि नाही पटलं तर?" बाबांनी फोनवर विचारले.

फोनमधला आवाज मलासुद्धा ऐकू आला. "नाही पटलं तर गाडीच ठेवा माझ्याकडे! सोन्यासारखे तुकडे करून विकतो, आईशपथ!"

मित्रांनो, माझ्या जागी तुम्ही असता तर काय केले असते? मला तर पळताही येत नव्हते.

शनिवारी सकाळी मला दोराने बांधून त्या आवारात नेले. फाटकाच्या आत दोन्ही बाजूंना नुसती दारे उभी करून ठेवलेली. एका फळीवर हेडलाइटच्या काचा ओळीने मांडलेल्या, आणि त्या सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. एका कोपऱ्यात पाच-सहा बोनेट एकावर एक, गादीसारखी. माझ्या हौद्याच्या मापाचा एक हौदाही दिसला. त्यात कोणीतरी कोथिंबीर लावली होती. माझी पुढची सोय मला कळली.

एका पत्र्याच्या छपराबाहेर, जुन्या टायरवर ते इंजिन बसवले होते. बॅटरी जोडलेली, डिझेलचा डबा वर टांगलेला, पाण्याची नळी लावलेली. शपथशेठ पुढे आला. गोल पोट, कानावर पेन्सिल, आणि हसणे असे की तोंडातले सगळे दात हजेरी लावून जात.

"या काका, या ताई. बघा, एकदम चालू इंजिन आहे!"

"इंजिनाचं कळेल," बाबा म्हणाले. "माणसाचं कळलं."

मिस्त्री खोकल्यासारखे करून हसला. शपथशेठलाही हसू आले, पण त्याने ते लगेच आवरले. "मागून ठोकलेल्या गाडीचं आहे. पुढे ओरखडा नाही. खोललेलंसुद्धा नाही, तुमच्या गळ्याशपथ."

"माझ्या गळ्याची कशाला? स्वतःच्या गळ्याची घ्या," सूनबाई म्हणाल्या.

त्याने किल्ली फिरवली. इंजिन अर्ध्या फिरकीत सुरू झाले. आवाज गोल, धूर नाही. मिस्त्रीने तेल भरायच्या तोंडावर तळहात धरला. आतून धूर मारत नव्हता. त्याने मान डोलावली. बाबांच्या कपाळावरची एक आठी उतरली. मी मात्र तिरक्या नजरेने बघत होते. इतके गोड कोण बोलते पहिल्याच भेटीत?

इंजिन बंद केले. सूनबाई पुढे झाल्या आणि त्यांनी त्याच्या पोटावर तळहात ठेवला. पोरीला शाळेत पाठवण्याआधी कपाळावर हात ठेवतात ना, अगदी तसा. मग त्यांनी हात पालथा करून मनगटाची आतली बाजू लावली.

"मिस्त्री, हे दोन मिनिटं चाललं. एवढ्यात इतकं तापेल?"

मिस्त्रीने हात लावला आणि शपथशेठकडे बघितले.

"ऊन आहे ना ताई. लोखंड तापणारच, आईशपथ."

सूनबाईंनी शेजारच्या टायरवरच्या दुसऱ्या इंजिनाला हात लावला. "हे पण उन्हातच आहे की. हे कसं कोमट?"

शपथशेठने कानावरची पेन्सिल काढली, तिच्याकडे बघितले आणि परत कानावर ठेवली.

"आमच्या यायच्या आधी तुम्ही हे चालवून ठेवलंत," सूनबाई म्हणाल्या. "पोराला तापाचं औषध पाजून डॉक्टरकडे नेलं तर डॉक्टरला ते बरंच वाटणार. आम्ही थांबतो. गार होऊ दे."

"गार? अहो, दुपार होईल! पाणी मारून देतो की दोन बादल्या."

"गरम लोखंडावर गार पाणी?" मिस्त्री म्हणाला. "आमचं एक आधीच तडकलंय."

बाबा आणि सूनबाई दोघांनीही मान खाली घातली. मग तिघे माझ्या हौद्यात, ताडपत्रीच्या सावलीत बसले. पाच मिनिटांनी बाबा उठले आणि इंजिनाजवळ जाऊन उभे राहिले, कोणी गुपचूप चालवू नये म्हणून. शपथशेठही आला आणि दुसऱ्या बाजूला उभा राहिला, कोणी काही काढून नेऊ नये म्हणून. मध्ये इंजिन. इतक्या डोळ्यांखाली एखादी वस्तू गार कशी होणार, मला कळेना. दर अर्ध्या तासाने सूनबाई येऊन हात लावून जायच्या.

तेवढ्यात बाबांना काहीतरी दिसले. "मिस्त्री, इकडे ये. हे पिवळे ठिपके कसले?"

इंजिनाच्या प्रत्येक बोल्टवर पिवळ्या रंगाचा बारीक ठिपका होता. बोल्टाच्या डोक्यावरून खालच्या लोखंडापर्यंत, थोडासा ओघळल्यासारखा.

"कारखान्यातले वाटत नाहीत," मिस्त्री म्हणाला.

"खोललेलं आहे!" बाबा कडाडले. "खोललं, परत बांधलं आणि खुणा करून ठेवल्या. आणि म्हणे गळ्याशपथ! चला सूनबाई, गाडी बांधा दोराला."

मला कमालीचा आनंद झाला. पण लगेच आठवले, इथून गेलो तर सोमवारी काय?

"ओ काका!" आता शपथशेठचा आवाज चढला. तो छपरात गेला आणि पिवळ्या रंगाचा एक छोटा डबा घेऊन आला. डब्यात नेलपॉलिशच्या बाटलीतला ब्रश बुडवलेला होता. "हे ठिपके माझे आहेत. तुमच्यासारख्यांसाठीच काढलेत! लोक इंजिन घेऊन जातात, यातला चांगला पंप काढून आपला भंगार पंप लावतात, आणि तिसऱ्या दिवशी येतात, 'चालत नाही हो, परत घ्या.' चारदा बुडालोय असा. बोल्ट फिरला की ठिपका तुटतो. तुम्ही माझ्यावर आत्ता संशय घेताय काका, मी तुमच्यावर कालच घेऊन ठेवलाय!"

बाबा डब्याकडे आणि ठिपक्यांकडे आळीपाळीने बघू लागले. मग सूनबाईंना हसू फुटले. त्यांनी तोंडावर पदर धरला, पण खांदे हलत होते. मिस्त्रीने चष्मा काढून भिंगासारखा धरला आणि एकेक ठिपका जवळून तपासला. सगळे अख्खे होते. झाकणांच्या सांध्यांत जुनाच, कारखान्याने सांधे बंद करायला लावलेला वाळका चीक होता, नवा कुठेही नव्हता.

"खोललेलं नाही," तो म्हणाला. "एवढं खरं आहे."

"मग मघापासून काय सांगतोय? आईश..."

"थांबा," सूनबाई म्हणाल्या. "अजून गार व्हायचंय."

दुपारी तीनला त्यांनी तळहात ठेवला आणि म्हणाल्या, "आता मारा सेल्फ."

शपथशेठने किल्ली फिरवली. घर्र, घर्र, घर्र. नाही. पुन्हा फिरवली. इंजिन खोकले, थरथरले, आणि एक पांढरा ढग सोडून गप्प झाले. तिसऱ्यांदा ते कसेबसे सुरू झाले, लंगडत, एक पाय दुखत असलेल्या माणसासारखे. मिनिटभराने लंगडणे गेले. धूर विरळ झाला. दुसऱ्या मिनिटाला ते सकाळच्यासारखे गोल बोलू लागले.

बाबांनी हौद्यापाशी काढलेल्या चपला घातल्या. "बघितलं? म्हणून तापवून ठेवलं होतं. लबाड."

मी शपथशेठकडे बघत होते. त्याचे दात दिसत नव्हते. त्याने किल्ली बंद केली आणि इंजिनाकडे बघत हळू आवाजात म्हणाला, "एक हीटर प्लग गेलाय याचा, गार इंजिनाला सुरू होताना ऊब देतो तो. या मॉडेलचा प्लग बाजारात नाही, मागवावा लागतो, आठवडा जातो. तोवर गार असताना दोन-तीनदा फिरवावं लागेल. बाकी आत काही नाही. गार दाखवलं की गिऱ्हाईक खोकला ऐकतं आणि पळतं. म्हणून तापवतो."

सूनबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "दादा, आत्ता तुम्ही शपथ नाही घेतलीत."

तो गोंधळला. "राहिली वाटतं. घेऊ का?"

"नको, नको! आहे ते राहू दे." त्या मिस्त्रीकडे वळल्या. "प्लगचं खरं आहे?"

मिस्त्रीने प्लगांच्या तारांवर एक छोटा दिवा लावून बघितला. तीन ठिकाणी लागला, चौथ्या ठिकाणी लागला नाही. "खरं आहे, वहिनी. बदलला की झालं."

"मग हेच घेऊ या."

"खोकणारं इंजिन?" बाबा म्हणाले.

"सकाळी उठल्यावर तुम्ही खोकत नाही का, बाबा? आम्ही ठेवलंय ना घरात?"

मिस्त्री तोंड फिरवून पान्हे शोधायला लागला. शपथशेठ मात्र मोकळेपणाने हसला. बाबांनी चपला परत काढल्या. मग ते सुनेला म्हणाले, आणि बऱ्याच दिवसांनी त्यांचा आवाज मऊ होता, "मी ठिपके बघितले. तू हात लावलास. तुझंच बरोबर."

चेनकप्पीने माझे तडकलेले इंजिन उचलून बाहेर काढले. सतरा वर्षांचा सोबती साखळीला लोंबत माझ्या समोरून गेला. त्याबद्दल मी फार बोलणार नाही. नंतर ते नवे, म्हणजे जुनेच, पोटात उतरले. बोल्ट आवळले गेले. मी त्याला विचारले, "कोण तू? कुठे होतास?" उत्तर नाही. मी ठरवले, याच्यावर नजर ठेवायची.

सोमवार उजाडला तो गारठ्याचा. हौदा भरलेला, दुपट्यांचे गाठोडे वर. पावणेसात झाले होते. सूनबाईंनी किल्ली फिरवली. घर्र, घर्र, नाही. बाबा फाटकाशी एका पायावर उभे असल्यासारखे उभे. दुसऱ्यांदा खोकला, ढग, आणि शांतता. तुम्हाला सांगते, तेव्हा मी त्या इंजिनाला खूप काही बोलले. सूनबाईंनी मात्र घाई केली नाही, ॲक्सिलरेटर दाबला नाही. श्वास घेतला, दहा आकडे मोजले आणि पुन्हा फिरवली. ते लंगडत सुरू झाले. त्याचे लंगडणे थांबेपर्यंत त्या थांबल्या, घड्याळ पळत असतानाही.

आम्ही पोचलो तेव्हा सात वाजून चार मिनिटे झाली होती. मोठ्या सिस्टर दारातच उभ्या होत्या.

"चार मिनिटं," त्या म्हणाल्या.

"हो सिस्टर. सकाळी सुरू व्हायला वेळ घेते. उद्यापासून मी पंधरा मिनिटं आधी उठवीन तिला."

"आता बंद पडणार नाही ना? खात्री देता?"

सूनबाईंनी माझ्या बोनेटवर हात ठेवला. मला वाटले, आता ही शपथ घेणार. काम जायची वेळ आली की कोणीही घेतो.

"खात्री कशी देऊ, सिस्टर? इंजिन वापरलेलंच आहे. पण रोज सकाळी मी स्वतः बघेन. काही बिघडतंय असं वाटलं तर आदल्या दिवशीच तुम्हाला फोन करेन. सातला गाडीही नाही आणि फोनही नाही, असं नाही होणार."

मोठ्या सिस्टरनी सूनबाईंना खालपासून वरपर्यंत बघितले. मग मला बघितले, पांढऱ्या दारासकट. मला मिस्त्रीच्या भिंगाखाली असल्यासारखे वाटले.

"दुपटी आधी वर न्या," त्या शेवटी म्हणाल्या. "पहाटेपासून तीन बाळं आलीत. आणि उद्या सात म्हणजे सात."

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादी जुनी वस्तू असेल, किंवा उद्या तुम्ही कोणाची तरी वापरलेली वस्तू घ्याल. संशय घ्या, जरूर घ्या. मी कशी नाही म्हणू? पण तो लांबून, नाक मुरडून घेऊ नका. जवळ या. हात लावा. ती गार होईपर्यंत थांबा आणि तिचा खोकला ऐकून घ्या. आणि एकदा आपली म्हटलीत की रोज तिची विचारपूस करा, दुसरे कोणी करेल म्हणून सोडू नका.

नवा प्लग आला, बसला, खोकला गेला. पण माझे इंजिन आपले आधीचे घर कुठे होते, ते अजून सांगत नाही. मीही आता विचारणे सोडले आहे. परवा रुग्णालयाच्या त्याच चढावर, भरलेल्या हौद्याने मला धाप लागली, तेव्हा ते आतून हळूच म्हणाले, "जरा दम घे." मला म्हणत होते की त्याच्या पहिल्या गाडीला, कळले नाही. मी दम घेतला.